पार्ट टू ऑर्डर

पलटणीच्या ऑफिसातून दोन प्रकारचे हुकूम निघतात. पार्ट वनमध्ये उद्याची परेड किती वाजता, गार्डवर कोण, फायरिंगला कुठली कंपनी जाणार, असा रोजचा कारभार. पार्ट टूमध्ये माणसाचं जे काही बरं-वाईट होतं त्याची नोंद: रजेवर गेला, रजेवरून आला, इस्पितळात भरती झाला, लग्न झालं, मुलगी झाली, वारला. अशा प्रत्येक नोंदीला लष्करी बोलीत ‘ऑकरन्स’ म्हणतात. ती निघाली नाही तर लग्न झालेलंच नाही. मग भटजी कुठला होता नि पंगती किती उठल्या, याला काही किंमत नाही. बायकोला इस्पितळाचं कार्ड नाही, क्वार्टर नाही, आणि उद्या नको ते घडलं तर पेन्शनसाठी खेटे.

हे मला कर्नलसाहेबांनीच सांगितलं, साताऱ्यात त्यांच्या घराच्या पायरीवर बसून, शेंगा फोडता फोडता. तेव्हाच मी त्यांना म्हटलं होतं, लिहाल तर पार्ट टू लिहा. पार्ट वन लिहिणारे पुष्कळ आहेत.

माझा सैन्याशी संबंध कॉलेजात असताना एनसीसीच्या परेडला दांडी मारण्यापुरता. पुढे आयुष्यभर मराठी शिकवलं. अशा माणसाकडून फौजी पुस्तकाला प्रस्तावना घ्यावी, हा हट्ट साहेबांचा नव्हे, वहिनींचा. ‘फौजेतल्या कुणाची घेतलीत तर तो तुमच्या पलटणीबद्दलच लिहील,’ असं त्या साहेबांना म्हणाल्या, आणि विषय संपला.

गेल्या पावसाळ्यात हस्तलिखित माझ्याकडे आलं ते खाकी फाइलमधून, कोपऱ्याला टॅग ओवलेलं. पानांना क्रमांक होतेच, पण परिच्छेदांनाही होते, आणि पोटपरिच्छेदांनाही. लग्नाच्या प्रकरणात परिच्छेद ४ (क) म्हणजे सासरे. बत्तीस वर्षं सरकारी टिपणं लिहिलेला हात असा लगेच सुटत नाही. ते आकडे काढून टाकायला मला तीन महिने त्यांचं मन वळवावं लागलं. आकडे गेले तर वाचकाने एखाद्या गोष्टीचा हवाला कसा द्यायचा, ही त्यांची रास्त चिंता होती.

फाइलमध्ये आणखी एक गोष्ट होती, जिच्याबद्दल साहेबांनी मला काही सांगितलं नव्हतं. समासात, फिक्या पेन्सिलीने, बारीक आणि उभ्या अक्षरात शेरे होते. ‘असं नव्हतं.’ ‘तारीख चुकली.’ ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ एके ठिकाणी नुसतंच ‘हो का!’ हे शेरे पुस्तकात छापले पाहिजेत असं मी सुचवलं. साहेब दोन दिवस बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी ‘ठीक आहे, पण लहान टाइपात’ म्हणाले. वाचकाला पानाच्या कडेला लहान टाइपातला जो दुसरा आवाज ऐकू येईल, तो वहिनींचा आहे. पुस्तकाच्या कव्हरावर एकच नाव आहे, पण ते कव्हरापुरतंच.

साहेब १९४८ चे. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ साली निघाली, ती देशातली पहिली. तिथल्या सुरुवातीच्या मुलांत हे होते. शाळेला दीड वर्षही झालं नव्हतं तेव्हा चीनचं युद्ध पेटलं आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्या वयाच्या साताऱ्याच्या मुलाला याहून वेगळं काही व्हावंसं वाटलं असतं तरच नवल. पुढे खडकवासला, डेहराडून, आणि १९७० साली मराठा लाइट इन्फंट्रीत कमिशन. ही प्रकरणं नीटनेटकी आहेत. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरचं वर्णन वाचनीय आहे. बाकी वाचकाने भराभर पुढे जावं.

१९७१ बद्दलही माझं मत थोडं वाकडंच आहे. ३ डिसेंबरच्या संध्याकाळपासून १६ डिसेंबरच्या शरणागतीपर्यंतचे ते दिवस साहेबांनी तेविसाव्या वर्षी पूर्व आघाडीवर पाहिले. जमालपूरला जंगी पलटणीने, म्हणजे पहिल्या मराठाने, काय केलं, ११ डिसेंबरला टांगाईलजवळ छत्र्यांनी उतरलेली दुसरी पॅरा म्हणजे मुळातली तिसरी मराठाच कशी, हे ते रंगवून सांगतात. पण मेसमध्ये, लग्नात, शाळांच्या स्नेहसंमेलनांत हे इतक्यांदा सांगून झालंय की वाक्यं गुळगुळीत झाली आहेत. त्या प्रकरणातली मला अडखळवणारी जागा एकच. युद्ध संपल्यावर त्यांना मेलेल्या सहकाऱ्यांच्या सामानाची यादी करायला बसवलं होतं. दाढीचं सामान, दोन बनियन, अर्धवट लिहिलेलं पत्र. त्या काळी बहुतेकदा अंत्यसंस्कार आघाडीवरच उरकत, घरी तार जाई आणि मागून ही पेटी. शवपेट्या गावोगाव पोचलेल्या आपण पाहिल्या त्या १९९९ साली, कारगिलच्या वेळी. अर्धवट पत्र पेटीत ठेवायचं की नाही, यावर तेवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट एक रात्र अडून बसला. काय ठरवलं ते त्यांनी लिहिलेलं नाही. वहिनींनीही तिथे पेन्सिल लावलेली नाही.

खरं पुस्तक सुरू होतं मे १९७४ मध्ये.

त्या महिन्यात देशभर रेल्वेचा संप होता, ८ तारखेपासून जवळजवळ तीन आठवडे. नवरदेव पंजाबात, लग्न साताऱ्यात. काही गाड्या चालू होत्या, काही मध्येच थांबत होत्या, आणि साहेब मिळेल ती गाडी, मिळेल तो ट्रक करत पाचव्या दिवशी घरी पोचले. हळद आदल्या दिवशी होती. आता आपल्याकडे नवरीला लागते ती उष्टी हळद. आधी नवऱ्याला लागायची, मग त्यातली उरलेली नवरीकडे. नवराच नाही तर उष्टं काय करणार? मांडवात म्हाताऱ्यांची परिषद बसली. अखेर आत्याबाईंनी डेहराडूनच्या पासिंग आउटचा फोटो भिंतीवरून काढवला, पाटावर ठेवला आणि त्याला हळद लावली. साहेबांनी हे ऐकीव म्हणून चार ओळींत सांगितलंय. समासात शेरा आहे: ‘काचेला लावली. पुसली नाही कुणी. चौकटीच्या कडेला अजून पिवळं आहे.’ तो फोटो मी पाहिला. आहे.

त्याच्या आधीचा कांदेपोह्यांचा प्रसंगही चांगला जमलाय. मुलीच्या मामांनी पगार विचारला नाही, दारूचं विचारलं नाही. ‘घरी कधी असता?’ एवढंच विचारलं. मुलाने छाती पुढे काढून सांगितलं, वर्षाला साठ दिवस हक्काची रजा आणि वर वीस दिवस किरकोळ. मामा खूश. समासात: ‘पहिल्या दहा वर्षांत प्रत्यक्ष किती मिळाली तेही लिहा.’ साहेबांनी ते लिहिलेलं नाही. मी दोनदा आठवण केली.

लग्नात मुलीचं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहितात तसं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सासरी त्याच नावाने हाका सुरू झाल्या. इकडे पलटणीत पार्ट टू ऑर्डर काढायची, तर बाबूला कागद हवा. हातात होता तो बी.ए.चा दाखला, त्यावर माहेरचं नाव. बाबूने तेच टाइप केलं. अशा रीतीने घरात एक नाव आणि भारतीय सेनेच्या दफ्तरात दुसरं, अशी ही बाई दोन नावांनी संसार करू लागली. सासूबाईंना नवं नाव माहीत, इस्पितळाच्या कार्डावर जुनं. बदल करून घेऊ म्हणत साहेबांनी अर्ज तयार केला होता. तो तीन महिने टेबलावर राहिला आणि मग हरवला. वहिनी म्हणतात, हरवला नाही, मी चुलीत घातला.

पुस्तकभर साहेब पत्नीचा उल्लेख ‘ही’ असा करतात. पहिल्या वाचनात मला ते जुनाट वाटलं होतं. नाव छापा म्हणून मी सुचवलं तर दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. कुठलं छापायचं? म्हणून ‘ही’ तसंच राहिलंय, आणि याच कारणाने मीही इथे ‘वहिनी’वर भागवतोय.

मराठीत संसार लिहिला तो बायकांनी. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली आल्या, पुढे लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’, आणि १९९० साली सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’. धोंडो केशव कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ आणि बाया कर्व्यांचं ‘माझे पुराण’ ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत. घर एकच, पण कामाची नोंद एकात आणि घराची दुसऱ्यात, असं मला नेहमी वाटत आलंय. पुरुषांनी चळवळ, नोकरी, तुरुंग, व्यवसाय लिहिला, आणि पत्नीला अर्पणपत्रिकेत बसवलं. सैनिकांचं तर त्याहून. जनरल थोरातांचं ‘माझी शिपाईगिरी’ आमच्या पिढीने आवडीने वाचलं, आणि त्या शब्दात काय येतं नि काय येत नाही ते नावातच कळतं. ज्यांच्यापाशी पार्ट टू होता त्यांतल्या कितीकांना तर लिहिताच येत नव्हतं. आमच्या सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे घ्या. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले, आजही गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लावतात. त्या ४६ जणांच्या बायका जात्यावर काय म्हणत असतील ते म्हणत असतील, कागदावर उतरलेलं माझ्या हाती कधी लागलं नाही.

म्हणून एक निवृत्त कर्नल जेव्हा दोन प्रकरणं नुसत्या पत्रव्यवहाराला देतो, तेव्हा मी सावध होऊन वाचतो.

लग्नानंतर दोनच वर्षांत साहेब सिक्कीमला गेले आणि वहिनी साताऱ्यात, सासरी. आघाडीवरच्या माणसाला गावाचा पत्ता नसतो. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली ‘द्वारा ९९ ए.पी.ओ.’, बस्स. पश्चिमेला असला तर ५६. नवरा कुठल्या डोंगरावर आहे हे बायकोला पाकिटावरून कळणार नाही, अशीच ती योजना. टपाल आधी कलकत्त्याच्या तळावर जाणार, तिथून वर्गवारी होऊन वर. पावसाळ्यात दरड कोसळली की पत्रं खाली साचायची आणि रस्ता मोकळा झाला की एकदम चढायची, तीही उलटसुलट. यावर फौजी जोडपी पत्रांना क्रमांक घालतात. यांनीही घातले.

त्या साली वहिनींच्या अडतिसाव्या पत्रात भांडण होतं. विषय मनीऑर्डरचा. पैसे दरमहा मामंजींच्या नावाने यायचे, आणि साबणाच्या वडीसाठीसुद्धा हात पसरावा लागायचा. ‘मला तुमच्या दफ्तरात जागा आहे, तुमच्या मनीऑर्डरवर का नाही?’ असा सरळ प्रश्न होता. एकोणचाळीस आणि चाळीस त्याच सुरात. एक्केचाळिसाव्यात राग ओसरला होता: राहू द्या, मी रागाच्या भरात लिहिलं, मनाला लावून घेऊ नका. साहेबांच्या हाती आधी पडलं ते एक्केचाळीस. समेट आधी पोचला आणि भांडण मागाहून आलं. मधले नऊ दिवस हा माणूस बारा हजार फुटांवर विचार करत हिंडला की आपल्याला नेमकी कशाबद्दल क्षमा झाली आहे. शेवटी न राहवून त्यांनी उलट टपाली विचारलं, ‘कशाबद्दल?’ ते पत्र साताऱ्यात पोचल्यावर काय झालं ते समासात आहे: ‘हे वाचून मला पुन्हा पहिल्यापासून राग आला.’

पुढच्या महिन्यात मनीऑर्डर आली ती पत्नीच्या नावाने. पण पलटणीच्या कागदावरच्या, म्हणजे माहेरच्या. पोस्टमन दारात उभा राहून विचारतोय, या नावाची बाई या घरात कोण? सासूबाई बाहेर आल्या, फॉर्म लांब धरून बघितला, आणि म्हणाल्या, ‘आमचीच आहे ती, दे.’ ते नाव साहेबांनी मुद्दाम घातलं की सवयीने, हे पुस्तकात उलगडत नाही. शेरा आहे: ‘पन्नास वर्षं विचारतेय.’

मग घरं. बत्तीस वर्षांत अठरा घरं झाली. प्रत्येक घरात शिरणं म्हणजे मार्चिंग इन आणि सोडणं म्हणजे मार्चिंग आउट. कारकून यादी घेऊन येतो, पंखे, नळ, काचा, खुर्च्यांवर रंगाने घातलेले नंबर मोजतो, आणि जे तुटलं असेल त्याचं ‘बॅरॅक डॅमेज’ पगारातून कापलं जातं. भिंतीला खिळा मारला तर तोही धरतात. वहिनी चुन्यात थोडी रांगोळी कालवून खिळ्यांची भोकं अशी बुजवायच्या की एका छावणीतल्या कारकुनाने कृती लिहून नेली. सामान काळ्या लोखंडी पेट्यांतून हिंडायचं. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव नि हुद्दा, आणि बढती झाली की जुन्या हुद्द्यावर नवा रंग. सात नंबरची पेटी आज त्यांच्या माळ्यावर आहे. तिच्यावर तिरकं ऊन आलं की ‘कर्नल’च्या खाली ‘मेजर’ आणि त्याच्याही खाली ‘कॅप्टन’ची चंद्रकोर दिसते. झाकणाच्या आतल्या बाजूला खळीने चिकटवलेली यादी आहे: पुरणयंत्र, पितळी डबे चार, हळदीकुंकवाचा करंडा, मुलीचे बूट (पुढच्या वर्षीचे). शेवटच्या कंसाबद्दल मी विचारलं. पुढची छावणी बर्फाची असेल की वाळवंटाची हे माहीत नसायचं, पण पाय वाढणार हे माहीत होतं, म्हणाल्या.

आता माझी तक्रार. वहिनी बी.ए., बी.एड. छावण्यांतल्या सात शाळांत त्यांनी शिकवलं, गणित आणि हिंदी. दर बदलीला राजीनामा, दर नव्या गावी पुन्हा अर्ज, आणि प्रत्येक ठिकाणी ‘तात्पुरत्या’. सात शाळांचे सात अनुभव-दाखले आणि पेन्शन शून्य. साहेबांनी याला पुस्तकात चार ओळी दिल्या आहेत, आणि त्यातली एक ‘हिला शिकवण्याची आवड होती’ ही आहे. यावर स्वतंत्र प्रकरण हवं म्हणून मी भांडलो. साहेब म्हणाले, ते तिनेच लिहावं. वहिनी म्हणाल्या, मला वेळ नाही, मी दहावीच्या दोन मुलींना गणित शिकवतेय. प्रकरण झालं नाही. दाखल्यांच्या नकला मात्र परिशिष्टात आहेत, पदकांच्या यादीच्या आधी. हा क्रम मी लावला. साहेबांनी प्रूफं तपासली आणि तो तसाच ठेवला.

सिकंदराबादचं प्रकरण मी दोनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचायचं टाळलं. १९८७ च्या जुलैअखेर शांतिसेना श्रीलंकेत उतरली, ऑक्टोबरात जाफन्यासाठी लढाई जुंपली, आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परत आली तोवर बाराशेच्या आसपास माणसं गेली होती. आपल्याकडे त्या लढाईचं फारसं काही बोललं गेलं नाही. ना जिंकली ना हरली, त्यामुळे भाषणांत ती कुठे बसत नाही. सिकंदराबादेतल्या डिव्हिजनचा मोठा भाग तिकडे गेला होता आणि मागे क्वार्टरांच्या रांगांमध्ये बायका नि मुलं. साहेब समुद्रापलीकडे होते, त्यामुळे हे सगळं त्यांनी पत्नीच्या तोंडून ऐकून लिहिलंय, आणि म्हणूनच बहुधा ते त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने लिहिलेलं नाही. तिथला पोस्टमन सायकलवरून रांगेत वळला की दारं उघडायची. कुणी पुढे यायचं नाही. हातात तार आहे की पत्र, हे तो जवळ येईपर्यंत कळायचं नाही. एका आठवड्यात त्याच रांगेत दोन तारा आल्या. त्यानंतर त्या पोस्टमनने कोपऱ्यावरच सायकलवरून उतरायला सुरुवात केली. उतरायचा आणि तिथूनच मोठ्याने ओरडायचा, ‘मनियार्डर!’ किंवा ‘चिठ्ठी!’ मग दारं बंद व्हायची, आणि ज्याची असेल तो पुढे यायचा. एके दिवशी तो उतरला, आणि ओरडला नाही.

ती तार तिसऱ्या दाराची होती, वहिनींचं दार पाचवं. पतीच्या हुद्द्यामुळे पुढे जाऊन त्या घरात शिरणं हे वहिनींचं काम होतं. त्याला पगार नाही, नेमणूक नाही, नकार देण्याची सोय नाही. त्या घरात त्या बारा दिवस राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्या मुलीचे पार्ट टूचे कागद काढून बसल्या, तर तिच्याही लग्नाच्या नोंदीत नावाचा घोळ होता. तो निस्तरायला नऊ महिने लागले. आपला अर्ज चुलीत घातल्याचा पश्चात्ताप झाला का, असं मी वहिनींना विचारलं. ‘मी दुसऱ्याच दिवशी नवा अर्ज केला,’ त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, ‘आणि तोही पाठवला नाही.’

साहेब २००२ साली निवृत्त झाले तेव्हा ऑपरेशन पराक्रममुळे सगळी फौज सीमेवर जाऊन उभी होती. निरोपाच्या जेवणाला मेसमध्ये मोजकी माणसं होती. नंतरचं घरातलं एकत्र राहणं हे पुस्तकातलं सगळ्यात विनोदी प्रकरण आहे. सलग दोन वर्षं एका छपराखाली राहण्याची दोघांनाही सवय नव्हती आणि साहेबांनी पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघराचं इन्स्पेक्शन काढलं. त्यावर काय झालं ते वाचकाने मुळातून वाचावं.

ही प्रस्तावना मी छापखान्यात देण्यापूर्वी त्यांच्याकडे वाचायला पाठवली होती. परत आली तेव्हा साहेबांनी शेवटी सही करून तारीख घातलेली होती, ‘पाहिले, मान्य’. आत, ‘अठरा घरं’ या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात दोन ओळी. आकडा मी वर मुद्दाम दुरुस्त केलेला नाही. ‘सर, एकोणीस. तेजपूरची बांबूची बाशा धरली नाहीत. दोन महिने होतो, पोरीला तिथेच गोवर आला होता.’